यंत्र आपले, किल्ली दुसऱ्याची

अमेरिकेतील उपनगरांत घराभोवती एकराच्या आसपास हिरवळ असली, म्हणजे ढकलत न्यावयाच्या यंत्राने भागत नाही; वर बसून चालवावयाचे गवतकापणीचे यंत्र घ्यावे लागते. ते बिघडले असता घरधन्याने त्यास हात लावू नये, दुकानदाराचा कारागीर बोलवावा, असा उपदेश विक्रेते करतात. आणि तिकडे स्थायिक झालेले आमचे सुशिक्षित बांधवही ‘जेनु काम तेनु थाय’ म्हणून त्यांचीच री ओढतात. विक्रेत्यांचे पोट त्यावर आहे. आमच्या पदवीधरांस मात्र हे शहाणपण कोठून सुचले, हे आम्हांस उमगत नाही.

या यंत्रात असे गूढ ते काय? हिवाळाभर टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकट साका होतो, कार्ब्युरेटरचे बारीक छिद्र बुजते, आणि वसंतात इंजिन सुरू होत नाही. कार्ब्युरेटरची वाटी उतरवून ते छिद्र मोकळे करणे हे स्टोव्हला पिन मारण्याच्याच जातीचे काम आहे; आणि ते तर आमच्या आज्यांनी जन्मभर केले! किल्ली फिरवताच नुसता ‘टक्’ असा आवाज झाला, तर बहुधा बॅटरी उतरलेली असते, किंवा तिच्या टोकांवर क्षार चढलेला असतो. पाते बोथट झाले की गवत चिरले न जाता फाटते व शेंडे पिवळे पडतात. पाते काढून कानशीने धार लावावी, मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगावे, आणि जी बाजू खाली झुकेल ती आणखी थोडी घासावी. कारण समतोल नसलेले पाते हादरे देऊन बेअरिंग खाते. यास कोणत्या विद्यापीठाची सनद लागते?

धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे. स्पार्क प्लगची तार काढल्यावाचून पात्याजवळ हात नेऊ नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या यंत्राखाली शिरू नये. आणि पाते चालू असता चालक उठला तर इंजिन बंद पाडणारा आसनाखालचा स्विच निकामी करण्याचा आगाऊपणा तर मुळीच करू नये. परंतु विळीवर बोट कापते म्हणून भाजी चिरण्यास कोणी कारागीर बोलावीत नाही.

‘हमी जाईल’ ही दुसरी भीती. अमुकच कंपनीचा सुटा भाग, अमुकच दुकानाची दुरुस्ती, आणि तीही गिऱ्हाइकाच्या खर्चाने, अशी अट हमीस घालण्यास अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने सामान्यतः मनाई आहे. आपल्याच हातून झालेली मोडतोड कंपनीने भरून द्यावी, असे अर्थात कोणी म्हणत नाही.

आमचा रोख निराळाच आहे. हलक्या प्रतीच्या कित्येक यंत्रांत, तेलाच्या दाबाने चाके फिरवणाऱ्या हायड्रोस्टॅटिक पेटीस तेल काढण्याचे बूचच ठेवलेले नसते. बिघडली की सबंध बदला! शेतीच्या मोठ्या यंत्रांत तर संगणकाची कुलपे आली. त्यांविरुद्ध शेतकऱ्यांनी इतकी ओरड केली की, कोलोरॅडो राज्याने २०२३ साली त्यांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. आणि २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या केंद्रीय व्यापार आयोगाने, दुरुस्तीची वाट अडवल्याच्या आरोपावरून, डिअर कंपनीवर फिर्याद गुदरली. शेतकऱ्याच्या हातात पाना होता, म्हणून कुलूप लागताच ते त्याच्या ध्यानी आले. ज्याने झाकणच कधी उघडले नाही, त्यास ते कळावे कसे? हात काळे करण्याचा आमच्या पांढरपेशांस असलेला जुना कंटाळा या कंपन्यांच्या पथ्यावरच पडतो. किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पूर्वी बेळगावास सायकलींचे दुकान चालवीत, हे त्यांच्या गौरवाची भाषणे करणारे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.

तेव्हा यंत्र घेण्यापूर्वी रंग व आसनाची गादी पाहत बसण्यापेक्षा दुकानदारास विचारावे की, पेटीतील तेल बदलता येते काय, आणि सुट्या भागांचे आकृतींसह पुस्तक मिळेल काय. तो उत्तर टाळू लागला, तर खुशाल दुसऱ्या दुकानाची पायरी चढावी.