‘आकाशातली ऊ’ : चूक हौशी हातांची नव्हती

घरी बांधलेल्या विमानांच्या इतिहासात आन्री मिन्ये हे नाव बहुधा हसण्यापुरते येते: एक विक्षिप्त फ्रेंच गृहस्थ, त्यांचे खेळण्यासारखे विमान आणि त्यात जीव गमावलेले भाबडे हौशी लोक. ही मांडणी सोयीची आहे, पण अन्यायकारक आहे.

१० सप्टेंबर १९३३ रोजी फ्रान्समधील स्वासाँजवळ मिन्ये यांचे ‘एचएम १४’ उडाले. लाकूड, कापड आणि सतराएक अश्वशक्तीचे दोन-स्ट्रोक इंजिन एवढाच त्याचा संसार. लांबी जेमतेम साडेतीन मीटर. मिन्ये यांनी त्याला नाव दिले ‘पू द्यू सिएल’, म्हणजे आकाशातली ऊ. इंग्रजांनी उवेची पिसू केली आणि ‘फ्लाइंग फ्ली’ हेच नाव जगभर झाले.

नेहमीच्या विमानात हात आणि पाय यांचा मेळ घालणे मिन्ये यांना साधत नसे, आणि हे त्यांनी कधी लपवले नाही. म्हणून त्यांनी पायांचे सुकाणूच काढून टाकले. दोन पंख एकामागे एक. दांडा पुढे-मागे केला की पुढचा पंख कलतो आणि नाक वर-खाली होते. दांडा डावी-उजवीकडे नेला की शेपटीचे सुकाणू वळते. बाकी काही नाही. स्वतःच्या उणिवेतून यंत्राची नवी रचना काढणारा माणूस विक्षिप्त म्हणावा की प्रतिभावान, हा प्रश्न इतिहासकारांनी फार घाईने निकालात काढला आहे.

खरी क्रांती मात्र त्या उड्डाणात नव्हती. १९३४ मध्ये मिन्ये यांनी ‘ल स्पोर द लेर’ हे पुस्तक काढून विमान कसे बांधावे ते सर्वांसमोर मांडले. पुढच्या वर्षी त्याचा इंग्रजी अनुवाद आला, ऑगस्टमध्ये मिन्ये स्वतः त्या विमानातून इंग्लिश खाडी ओलांडून गेले, आणि ब्रिटनमधल्या गॅरेजांत, गोदामांत करवती चालू लागल्या. हाती येईल ते इंजिन बसवले गेले. कुणी मोटारसायकलचे, कुणी फोर्ड मोटारीचे.

मग माणसे मरू लागली. विमान सुरात शिरे आणि त्यातून बाहेरच येत नसे. अनाडी हातांचे काम, असा निष्कर्ष अनेकांनी तत्काळ काढला.

१९३६ मध्ये ब्रिटनमधील फार्नबरो आणि फ्रान्समधील शाले-म्यूदाँ येथील प्रचंड वातबोगद्यांत अख्खे विमान ठेवून तपासणी झाली, तेव्हा वेगळेच दिसले. नाक फार खाली गेल्यावर वैमानिक साहजिकच दांडा मागे ओढतो. पुढच्या पंखाची मागची कड त्यामुळे खाली येऊन मागच्या पंखाला भिडते. मधल्या अरुंद फटीतून वेगाने जाणारी हवा मागच्या पंखाची उचल वाढवते. शेपूट वर जाते, नाक आणखी खाली. सुटकेसाठी केलेली नेमकी तीच कृती विमानाला जमिनीकडे ढकलत होती. अत्यंत निगुतीने, एकही खिळा न चुकवता बांधलेले विमानही यातून वाचले नसते.

म्हणजे दोष आराखड्यात होता, आणि त्याची जबाबदारी मिन्ये यांचीच ठरते. त्यांचे चाहते हे सांगताना अडखळतात. स्वतःच्या हातून विमान नीट उडाले, एवढ्या बळावर त्यांनी हजारो अनोळखी लोकांना निर्धास्त केले. त्यामुळे ब्रिटनने या विमानावर घातलेली बंदी योग्यच होती. पण तिच्यावरून ‘सामान्य माणसाने विमान बांधू नये’ असा जो धडा काढला गेला, तो त्या तपासणीतून निघतच नाही. असा बोगदा कोणत्या सुताराच्या परसात असणार होता? ज्या यंत्रणेपाशी तो होता, तिने परवानग्या आधी दिल्या आणि तपासणी मृत्यूंनंतर केली. हा क्रम मात्र क्वचितच कुणाच्या नजरेत येतो.

मिन्ये यांनी रचना सुधारली आणि पुढेही विमाने घडवली. फ्रान्समधील हौशी विमानबांधकांच्या संघटनेने दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या नावात ‘स्पोर द लेर’ हे त्यांच्याच पुस्तकाचे शब्द घेतले.