नवशिक्याची पहिली बंदूक: घरची की शाळेची?

गुहागरसारख्या तालुक्याच्या गावी नेमबाजीची ओढ लागलेल्या मुलापुढे आणि त्याच्या पालकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो बंदूक कोणती घ्यावी हा, आणि त्याला मिळणारी उत्तरे बहुधा ठरलेली असतात. घ्यायचीच तर जोरकस घ्यावी, असे एक मत आहे. खऱ्या लष्करी रायफलीसारखी दिसणारी घ्यावी, असे दुसरे. आणि परवाना लागत नाही तर विचार कसला करायचा, आणावी आणि घरात ठेवावी, असे तिसरे. या तिन्ही मतांचे खंडन करून येथे असे प्रतिपादन करायचे आहे की नवशिक्याची पहिली बंदूक कमी जोराची पण एकसारखा मारा करणारी आणि त्याच्या अंगाला बसणारी असावी, आणि मुख्य म्हणजे ती घराच्या मालकीची नसावी, शाळेच्या किंवा क्रीडामंडळाच्या मालकीची असावी.

प्रथम दिसण्याचा मुद्दा. एअरसॉफ्ट हा खेळ १९७०च्या दशकात जपानमध्ये सुरू झाला. त्यात खऱ्या शस्त्रांच्या हुबेहूब नकला वापरून लुटुपुटीची लढाई खेळली जाते आणि ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या स्प्रिंग, वायू किंवा विजेरीवर चालणाऱ्या मोटारीच्या साहाय्याने सोडल्या जातात. या गोळीची ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. एक किलो वजनाची वस्तू सुमारे दहा सेंटिमीटर उंचीवरून खाली पडताना जेवढी ऊर्जा मिळवते तेवढी म्हणजे एक ज्यूल. जपानच्या कायद्याने ही मर्यादा ०.९८ ज्यूल इतकी ठेवली आहे, आणि एवढ्याशा ऊर्जेची गोळीही उघड्या डोळ्यावर बसली तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून डोळ्यांना संरक्षण असल्याशिवाय हा खेळ खेळू नये. ज्याला केवळ हा खेळ खेळायचा आहे त्याने तो आयोजकांच्या मैदानावर, त्यांच्याच साहित्याने खेळून पाहावा. गुहागरच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या गर्दीत हुबेहूब रायफल घेऊन फिरणारा तरुण खेळतो आहे की काही वेगळे करतो आहे हे दुरून पाहणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, आणि त्यातून उद्भवणाऱ्या प्रसंगाला तो तरुणच जबाबदार ठरतो. ज्याला नेमबाजी शिकायची आहे त्याची वाट मात्र वेगळी, छर्ऱ्याच्या बंदुकीची आहे. १० मीटर एअर रायफल हा प्रकार १९८४च्या लॉस एंजेलिस स्पर्धेपासून ऑलिंपिकमध्ये आहे आणि अभिनव बिंद्राने २००८मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात.

जोरकस बंदुकीचे समर्थन अधिक गंभीरपणे तपासले पाहिजे, कारण ते वरवर तर्काला धरून वाटते: छर्रा जितका वेगवान तितका तो सरळ जाणार, आणि वाडीत येणारे वानर हाकायलाही तीच बंदूक उपयोगी पडणार. यातील पहिला भाग स्पर्धेच्या बंदुकांनीच खोटा ठरवला आहे. ऑलिंपिक दर्जाची रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमचा, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सोडते, म्हणजे त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. आणि एवढ्या बेताच्या जोरावर जगातले उत्तम नेमबाज १० मीटरवरून अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा मधला ठिपका टिपतात. अचूकता वेगातून येत नाही, प्रत्येक छर्रा तितक्याच वेगाने सुटण्यातून आणि सुटताना बंदूक न हलण्यातून येते. नळी वाकवून भरायच्या स्प्रिंगच्या बंदुकीत चाप ओढताच जड दट्ट्या पुढे झेपावतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून बंदूक आधी मागे आणि दट्ट्या टोकाला आदळताच पुढे हिसडते, आणि हे सारे छर्रा नळीबाहेर पडण्याआधी घडते. स्प्रिंग जितकी ताकदीची तितका हा हिसडा मोठा, म्हणजे जोरकस बंदूक नवशिक्याच्या पकडीतील प्रत्येक चूक वाढवून लक्ष्यावर उमटवते, आणि चूक आपली की बंदुकीची हे त्याला कधीच उमगत नाही. याउलट नळकांड्यात आधी भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीला हिसडा जवळजवळ नसतो, आणि म्हणून शिकणाऱ्यासाठी तीच अधिक प्रामाणिक शिक्षक ठरते.

वानरांचा मुद्दा सहानुभूतीने ऐकला पाहिजे. नारळ, आंबा, फणस यांचे कोकणातील बागायतदाराला होणारे नुकसान खरे आहे आणि त्यावर शासनाने उपाय शोधणे आवश्यक आहे. परंतु वानर हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखालचा प्राणी आहे आणि त्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे जखमी करणे हीसुद्धा शिकारच ठरते. शिवाय ज्या मुलाला स्थिर कागदी लक्ष्यावर श्वास आवरून चाप दाबायला शिकायचे आहे, त्याच्या हाती पहिल्याच दिवशी हलत्या जिवंत प्राण्यावर रोखलेली बंदूक देणे हे शिक्षण नव्हे.

परवाना लागत नाही म्हणून बंदूक निरुपद्रवी, या तिसऱ्या मताचे मूळ २०१६च्या शस्त्र नियमांच्या अर्धवट वाचनात आहे. हे नियम १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली केलेले आहेत आणि त्यांतील परवान्याची सवलत ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा या दोन्ही अटी पाळणाऱ्या हवेच्या बंदुकीपुरती आहे. एअरसॉफ्टची गोळी ६ मिलिमीटरची असते हे लक्षात ठेवले तर परदेशातून एअरसॉफ्टची बंदूक मागवण्याचा बेत करणाऱ्याने किती सावध राहावे हे वेगळे सांगायला नको. सवलत मिळाली म्हणून धोका नाहीसा होत नाही. उंच कोनात सुटलेला छर्रा काहीशे मीटर जाऊ शकतो. गुहागरच्या वरच्या पाटात काय किंवा खालच्या पाटात काय, रस्त्याच्या कडेने घराला लागून घर, मागे नारळ-पोफळीची वाडी, मध्ये कमरेइतका चिऱ्याचा गडगा आणि पलीकडे शेजाऱ्याची वाडी किंवा थेट समुद्रकिनारा अशी रचना आहे. पोफळीच्या खोडाला लावलेल्या कागदाला चुकलेला छर्रा कुठे थांबेल हे येथे कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि कडक चिऱ्यावर आदळलेली पोलादी गोळी उलटून मारणाऱ्याच्याच तोंडावर येऊ शकते.

येथून मंडनाकडे वळता येते. बंदूक अंगाला बसणे म्हणजे काय, हे दुकानात सांगितले जात नाही. दस्त्याचे टोक कोपराच्या आतल्या वळणात टेकवले असता तर्जनीचे पेर चापापर्यंत सहज पोचले पाहिजे, गाल दस्त्यावर टेकताच मान न वाकवता डोळा मागच्या छिद्रासमोर आला पाहिजे, आणि डावा डोळा प्रबळ असलेल्या मुलाला उजव्या हाताची बंदूक केवळ उपलब्ध आहे म्हणून देता कामा नये. स्पर्धेच्या रायफलीला साडेपाच किलोपर्यंत वजनाची मुभा आहे. तेरा वर्षांच्या मुलाला ते वजन पेलत नाही, आणि पेलेल अशी बंदूक घेतली तर दोन वर्षांत त्याचे हात तिच्यापेक्षा लांब होतात. म्हणजे वाढत्या वयाच्या नवशिक्यासाठी घेतलेली कोणतीही घरची बंदूक थोड्याच काळात निरुपयोगी ठरणार, तर दस्ता कमीजास्त करता येणारी संस्थेची एक बंदूक एकामागून एक अनेक मुलांना पुरणार. परदेशी बनावटीची नामांकित रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, हे लक्षात घेता हा हिशेब आणखी स्पष्ट होतो. वापरलेली बंदूक घेणाऱ्या संस्थेने एक गोष्ट आवर्जून पाहावी: हवेच्या नळकांड्यावर कोरलेली तारीख, कारण दहा वर्षांनंतर ते नळकांडे स्पर्धेत चालत नाही आणि दाबाच्या दृष्टीने सुरक्षितही मानले जात नाही. खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात लोखंड कसे गंजते हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगण्याची गरज नाही. तेलपाणी आणि कोरडे कपाट यांची नियमित काळजी संस्था घेऊ शकते, हौस ओसरलेले घर घेत नाही.

यावर आक्षेप येईल की शाळेत बंदूक कशी ठेवायची. याचे उत्तर महाराष्ट्राच्या नेमबाजीच्या इतिहासातच आहे. अंजली भागवत यांच्या हाती रायफल आली ती मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात, एनसीसीच्या माध्यमातून. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल तीन स्थितींत कांस्यपदकाचा मानकरी झाला. ५० मीटरला दारूची काडतुसे लागतात आणि तो प्रकार वेगळा आहे, हे खरे. पण दोन्ही उदाहरणांत सुरुवात घरच्या बंदुकीने झालेली नाही, ती शिस्त आणि देखरेख असलेल्या संस्थेत झाली.

१० मीटरच्या लक्ष्यासाठी फार काही लागत नाही. पंधरा-सोळा मीटर लांबीचे बंदिस्त सभागृह, जमिनीपासून १.४ मीटर उंचीवर लक्ष्याचा मध्य, त्यामागे छर्रे गिळणारी पोलादी पेटी, सराव चालू असताना बंद ठेवलेली बाजूची दारे, बंदूक आणि छर्रे यांसाठी दोन वेगवेगळी कुलपे, डोळ्यांना संरक्षक चष्मा, सरावानंतर शिसे लागलेले हात धुण्याची सक्ती आणि प्रशिक्षित मार्गदर्शक, एवढी तयारी पुरेशी आहे. गुहागरची मैदाने जून ते सप्टेंबर चिखलात असतात तेव्हा छपराखाली खेळता येईल असा खेळ तालुक्याला हवाच आहे, आणि पहिले कित्येक आठवडे तर छर्रा न भरता नुसती पकड, श्वास आणि चाप यांचा सराव करायचा असतो, त्याला खर्च काहीच नाही.

मार्गदर्शकाचा खर्च आणि पहिली रायफल हाच खरा अडसर आहे, आणि तो दूर करण्याची ताकद गुहागर तालुक्यात आहे. मुंबईतील चाकरमान्यांच्या गावमंडळांनी देवळांचे जीर्णोद्धार केले, शाळांना वर्गखोल्या दिल्या. आता एकेका मंडळाने आपल्या गावच्या माध्यमिक शाळेला एक रायफल, एक छर्ऱ्यांची पेटी आणि वर्षभराचे मार्गदर्शकाचे मानधन द्यावे, आणि तसे होईपर्यंत पालकांनी मुलासाठी घरी बंदूक आणू नये.