राळ ‘वाळत’ नाही!

होडीच्या तळाची चीर बुजवताना दोन डब्यांतील द्रव एकत्र करून लावतात. एकात इपॉक्सी राळ असते, दुसऱ्यात हार्डनर. काही तासांनी लेप टणक होतो आणि आपण म्हणतो, ‘वाळला’. हा शब्दच घोटाळ्याचे मूळ आहे, असे माझे मत आहे.

ओले कापड वाळते तेव्हा पाणी उडून जाते. येथे काही उडून जावे लागत नाही. दोन्ही द्रवांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे जाळे विणले जाते. ही रासायनिक क्रिया होय. म्हणून घाईसाठी हार्डनर जास्त ओतणे चूक. जोडीदार न मिळालेले रेणू तसेच राहतात व लेप कमजोर होतो. वरवर ढवळल्यास भांड्याच्या कडेचे व तळाचे मिश्रण चिकट, कच्चे राहते.

वेग बदलतो तो तापमानाने. २० अंश सेल्सिअसला चार तास लागत असतील, तर ३० अंशांना ढोबळमानाने दोनच लागतात. शिवाय क्रियेतून उष्णता निघते. खोल भांड्यात ती कोंडली, तर मिश्रणातून धूरही निघू शकतो. पसरट थाळीत ती निसटते आणि कामाला अवधी मिळतो.

प्रयोगशाळेत मोजणे व ढवळणे ही आपण किरकोळ कामे समजतो. भर समुद्रात मात्र होडीतील माणसांचा जीव त्यांवरच अवलंबून असतो. शिक्षकांनी त्यांनाही गुण द्यावेत.