पाव भाजा, फी भरा!

आपली शनिवारी सकाळची शाळा असते. पुण्यात औंधजवळच्या स्पायसर कॉलेजात मात्र शनिवारी पूर्ण सुट्टी! ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या ख्रिस्ती लोकांचा तो विसाव्याचा आणि प्रार्थनेचा दिवस. १९१५ साली कोइमतूरला निघालेली ही संस्था १९४२ मध्ये पुण्यात आली. फीला पैसे कमी पडले, तर इथली मुलं बेकरीत नाहीतर शेतात राबायची आणि त्या तासांची मजुरी फीत वळती व्हायची. साताऱ्याच्या कर्मवीर अण्णांची ‘कमवा आणि शिका’ हीच की! (पालकहो, ‘पोराच्या हाती झाडू कशाला?’ असं म्हणू नका हं.) गल्लीतल्या एखाद्या ताईचं कॉलेज फीपायी अडलंय? तिला सांगा, बऱ्याच कॉलेजांत ही योजना असते. प्रवेश घेतानाच ऑफिसात विचारायचं.