चिखलाचा कैवार

पक्षी पाहण्याची हौस आपल्या सुशिक्षित वर्गांत वाढीस लागली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु या हौसेबरोबर एक खूळही आलें आहे. आमच्या पलूसहून विट्यावरून मायणीच्या तलावावर जाणारी मंडळी हिंवाळ्यांत मला पुष्कळ भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “रोहित आले कां?” नाहीं म्हटलें कीं चेहरे उतरतात आणि दहा मिनिटांत गाड्या माघारी वळतात. पन्नास पावलांवर ओल्या काठावर तुतारी शेपटी हलवीत असते, चिखल्या चार पावलें धांवून थबकत असतो, शेकाट्या लांब गुलाबी पायांनीं उथळ पाणी तुडवीत असतो. त्यांच्याकडे पाहण्यास कोणाला सवड नाहीं.

दुर्मिळ पक्ष्याची वाट या सामान्य पक्ष्यांतूनच जाते. शंभर टिलवे एकेक करून न्याहाळल्यावांचून एकशेंएकावा पक्षी निराळा आहे, हें कळावयाचें नाहीं. आणि टिलवा तरी सामान्य कसा? चिमणीएवढा हा जीव उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांत जन्मतो आणि खटाव तालुक्याच्या कोरड्या माळावरील तळ्याकांठीं हिंवाळा काढतो!

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर मीं लेखणी उचलली नसती. परंतु ज्याला काठ दिसत नाहीं, त्याला काठाचें मोलही कळत नाहीं. आणि मग ‘सुशोभीकरण’ अवतरतें. आमच्या भागांतील एका तळ्याचा चिखलाचा उतार नाहींसा करून तेथें दगडी भिंत बांधली, वर फिरावयास वाट केली, दिवे लावले. चिखल म्हणजे घाण, हा या सुधारणेचा सिद्धान्त.

वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. पावसाळ्यानंतर तलावाचें पाणी शेतीस जाऊन व उन्हानें आटून दररोज थोडथोडें मागें सरतें. प्रत्येक दिवशीं ओल्या चिखलाची नवी पट्टी उघडी पडते; तींत अळ्या, किडे, गोगलगाई असतात. कोणाची चोंच आंखूड, तो वरचें टिपतो; कोणाची लांब, तो खोल खुपसतो. म्हणून एकाच पंगतींत अनेक जाती जेवूं शकतात. उभ्या भिंतीपुढें पाणी उतरलें तरी चिखलाचा काठ उघडा पडत नाहीं, नुसते दगड उघडे पडतात. आणि ज्याच्यासाठीं एवढा खटाटोप, तो रोहित तरी काय करतो? तोही उथळ पाण्यांतच चोंच उलटी बुडवून अन्न गाळून घेतो. चिखल गेला कीं तोही गेला.

कोणी म्हणेल, गाळ काढूंच नये काय? काढावा. २०१७ साली राज्य सरकारनें धरणांतील गाळ शेतांत नेण्याची योजना आंखली, ती दुष्काळी भागाला उपकारक आहे. शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊन पक्षी जगवा, असें मी म्हणत नाहीं. गाळ मध्यावरून उचलावा, काठाचा उतार राहूं द्यावा, इतकेंच माझें मागणें. गाळानें शेत पिकतें. भिंतीनें काय पिकतें, तें सुधारकांनीं सांगावें.

२०२१ साली मायणी व आसपासच्या तलावांचें क्षेत्र पक्ष्यांसाठीं संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालें, हें योग्यच झालें. परंतु राखावयाचें काय, हें पाहणाऱ्यांस ठाऊक नसेल तर सरकारी हुकूम कागदावरच राहतो. पुढच्या हिंवाळ्यांत तलावावर जाणाऱ्यांनीं रोहित आले कां, असें विचारूं नये. काठ किती उघडा पडला, असें विचारावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर दुसऱ्यांतच आहे.