मतभेद फुगवलेले, मनभेद मात्र खरा

अमेरिकन समाज खरोखरच दुभंगला आहे की ही प्रसारमाध्यमांनी उठवलेली आवई आहे, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे पुनःपुन्हा विचारला जात आहे. २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल फ्लोरिडा राज्यातील अवघ्या ५३७ मतांवर येऊन अडला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या दारात सुटला. त्या काळात दूरचित्रवाणीच्या पडद्यावर झळकलेला लाल-निळा नकाशा पुढे त्या देशाची ओळखच होऊन बसला. तेव्हापासून या विषयावर बोलणाऱ्यांचे दोन पंथ झाले. एका पंथाला प्रत्येक निवडणुकीत नव्या यादवी युद्धाची चाहूल लागते. दुसरा पंथ विद्यापीठीय शांतपणे सांगतो की, हा सारा पराचा कावळा आहे. सामान्य अमेरिकन माणूस मध्यममार्गी आहे आणि मध्यममार्गीच राहणार आहे.

दोन्ही पंथ अर्धसत्य सांगत आहेत. अर्धसत्य हे निखळ असत्यापेक्षा अधिक घातक असते, कारण त्याच्या पाठीशी पुरावा असतो. मराठीत मतभेद आणि मनभेद असे दोन वेगळे शब्द आहेत. अमेरिकेविषयीच्या या वादात नेमका हा भेदच नजरेआड होतो. तेथील मतभेद फुगवून सांगितले जातात, हे खरे आहे. पण म्हणून तेथील मनभेद खोटा ठरत नाही. तो खरा आहे, खोल आहे आणि त्यावर जोपासना पावणारे धंदेही तितकेच खरे आहेत.

मतपेटी काय सांगते?

‘सारे अतिरंजित आहे’ असे म्हणणाऱ्यांची बाजू आधी नीट मांडली पाहिजे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे राज्यशास्त्रज्ञ मॉरिस फिओरिना यांनी जॉर्ज बुश यांच्या काळातच एका पुस्तकात असे प्रतिपादन केले की, ध्रुवीकरण झाले आहे ते राजकीय वर्गाचे, जनतेचे नव्हे. या प्रतिपादनाला मतपेटीचा भक्कम आधार आहे. २०२० मध्ये फ्लोरिडाने डोनाल्ड ट्रम्प यांना विजयी केले आणि त्याच दिवशी किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव ६० टक्क्यांहून अधिक मतांनी संमत केला. हा कार्यक्रम डेमोक्रॅटिक पक्षाचा! २०२२ च्या ऑगस्टमध्ये कॅन्सससारख्या पक्क्या रिपब्लिकन राज्यातील सुमारे ५९ टक्के मतदारांनी गर्भपाताच्या हक्काचे घटनात्मक संरक्षण काढून टाकण्यास नकार दिला. २०२४ मध्ये मिसुरी राज्याने ट्रम्प यांना सुमारे १८ टक्क्यांची आघाडी दिली आणि त्याच मतदानात गर्भपाताचा हक्क व किमान वेतनवाढ हे दोन्ही प्रस्ताव मंजूर केले. मतदार तेच, मतदानाचा दिवस तोच; एका कागदावर लाल शिक्का आणि दुसऱ्या कागदावर निळे मत!

‘मोअर इन कॉमन’ या संस्थेने २०१९ मध्ये केलेली पाहणी याहून बोलकी आहे. समोरच्या पक्षातील किती लोक टोकाच्या मतांचे आहेत, असे दोन्ही पक्षांच्या समर्थकांना विचारण्यात आले. त्यांचा अंदाज वस्तुस्थितीच्या जवळजवळ दुप्पट निघाला. म्हणजे अमेरिकन माणूस ज्या शत्रूला भितो, त्यातील अर्धा शत्रू त्याच्या कल्पनेतच वावरतो.

इथपर्यंत विद्वानांचे म्हणणे मान्य करावे लागेल. मात्र मते जुळतात म्हणजे मनेही जुळतात, असे ते गृहीत धरतात आणि तेथेच त्यांचे पाऊल घसरते.

रोटी-बेटीची कसोटी

समाज कोठे तुटला आहे हे ओळखण्याची आपल्याकडची जुनी कसोटी म्हणजे रोटी-बेटी व्यवहार. ही कसोटी अमेरिकेला लावून पाहावी. १९६० मधील एका पाहणीत तेथील पालकांना विचारले गेले होते की, तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केले तर तुम्हाला वाईट वाटेल काय? दोन्ही पक्षांतील जेमतेम चार-पाच टक्के लोकांनी होय म्हटले. पन्नास वर्षांनी, २०१० मध्ये, जवळजवळ तसाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तेव्हा रिपब्लिकनांपैकी सुमारे निम्म्या आणि डेमोक्रॅटांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांनी नाराजी दर्शवली. याच अर्धशतकात वंश आणि धर्म यांच्या भिंती ओलांडून होणारी लग्ने तेथे वाढत गेली. म्हणजे जुन्या भिंती ढासळत असताना पक्ष हीच नवी जात होऊन बसली!

वस्तीचेही तेच. बिल बिशप या पत्रकाराने २००८ मधील आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, १९७६ मध्ये सुमारे चतुर्थांश अमेरिकन मतदार अशा जिल्ह्यांत राहत होते, जेथे अध्यक्षीय निवडणूक एकतर्फी झाली. २००४ मध्ये हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेले. शेजारी, सहकारी आणि प्रार्थनामंदिरातील सोबती एकाच पक्षाचे असले की समोरचा माणूस प्रत्यक्ष भेटत नाही. तो फक्त पडद्यावर दिसतो आणि पडद्यावर तो राक्षसच असतो.

यावर एक ठरलेला आक्षेप घेतला जातो. १८६१ ते १८६५ च्या यादवीत सहा लाखांहून अधिक माणसे मेली. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या झाल्या, शहरे पेटली. त्या मानाने आजचे काय मोठे? आक्षेप वजनदार आहे, पण तो नेमके मर्म सोडून देतो. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. त्यात बाजूने ४६ डेमोक्रॅट व २७ रिपब्लिकन होते, तर विरोधात २१ डेमोक्रॅट व ६ रिपब्लिकन होते. त्या काळातील तंटा भयंकर होता. परंतु तंट्याची रेषा दोन्ही पक्षांना आडवी छेदून जात होती. एका प्रश्नावर भांडणाऱ्यांना दुसऱ्या प्रश्नावर एकमेकांची गरज पडत होती. गंमत अशी की, १९५० मध्ये अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने तक्रार केली होती ती दोन पक्षांत पुरेसे अंतर नसल्याची! आज वंश, धर्मश्रद्धा, शिक्षण, शहर आणि गाव या साऱ्या भेगा एकाच रेषेत येऊन पक्षाच्या भेगेला मिळाल्या आहेत. आडव्या-उभ्या भेगांची भिंत उभी राहू शकते. पण सर्व भेगा एका रेषेत आल्या की भिंतीचे दोन तुकडे होतात.

हे तुकडे राज्यसंस्थेत स्पष्ट दिसतात. सर्वोच्च न्यायालयाचे कट्टर परंपरावादी न्यायाधीश अँटोनिन स्कालिया यांना १९८६ मध्ये सिनेटने ९८ विरुद्ध शून्य मतांनी संमती दिली. उदारमतवादी रूथ गिन्सबर्ग यांना १९९३ मध्ये ९६ विरुद्ध ३ मतांनी. २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ ५० विरुद्ध ४८ आणि २०२० मध्ये एमी बॅरेट ५२ विरुद्ध ४८ मतांनी कसेबसे पार पडले. पहिल्या २३० वर्षांत दोनच अध्यक्षांवर महाभियोग चालला; पुढे डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२१ या तेरा महिन्यांत एकाच अध्यक्षावर दोनदा चालला. २०२५ च्या शरदात सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प राहिले. तोपर्यंतच्या इतिहासातील हा सर्वांत दीर्घ काळ.

आणि रक्तही सांडले. २०१७ मध्ये रिपब्लिकन नेते स्टीव्ह स्कॅलिस यांच्यावर गोळीबार झाला. २०२२ मध्ये नॅन्सी पेलोसी यांच्या पतीवर घरात घुसून हातोड्याने हल्ला झाला. जुलै २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली. जून २०२५ मध्ये मिनेसोटातील डेमोक्रॅट आमदार मेलिसा हॉर्टमन आणि सप्टेंबरमध्ये युटातील विद्यापीठाच्या प्रांगणात परंपरावादी युवकनेते चार्ली कर्क यांची हत्या झाली. मारेकरी मूठभरच असतात, हे खरे. पण प्रत्येक हत्येनंतर मृताची चिता विझण्यापूर्वीच ‘मारेकरी कोणाच्या बाजूचा?’ हा पहिला प्रश्न विचारला जातो. याला अतिरंजन म्हणायचे, तर वास्तव कशाला म्हणायचे?

मनभेदाचे व्यापारी

मग मते जुळणाऱ्या समाजाची मने तोडली कोणी? याचे उत्तर गूढ नाही. ज्यांना तोडण्यात लाभ आहे, त्यांनी तोडली.

नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांनी वादग्रस्त विषयाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, हा नियम अमेरिकन शासनाच्या दूरसंचार आयोगाने १९८७ मध्ये रद्द केला. पुढच्याच वर्षी रश लिम्बॉ यांचा आक्रस्ताळी नभोवाणी कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. १९९६ मध्ये एमएसएनबीसी आणि फॉक्स न्यूज या वाहिन्या अवतरल्या आणि कालांतराने एकेका पक्षाच्या आरत्या म्हणू लागल्या. २०२० च्या निवडणुकीत मतदानयंत्रांनी घोटाळा केल्याच्या निराधार कथा प्रसृत केल्याबद्दल २०२३ मध्ये फॉक्सला डोमिनियन या कंपनीशी ७८ कोटी ७५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. वर उल्लेखलेल्या २०१९ च्या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली होती: बातम्यांचा रतीब सतत घेणाऱ्यांचा प्रतिपक्षाविषयीचा अंदाज, क्वचित बातम्या पाहणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट चुकीचा होता. ज्ञान देण्यासाठी जन्मलेली माध्यमे अज्ञानाचा पुरवठा करू लागली की यापेक्षा वेगळे काय होणार?

दुसरा व्यापारी म्हणजे मतदारसंघांचे नकाशे कापणारा राजकारणी. ही विद्या १८१२ इतकी जुनी आहे. मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या नावानेच ती ओळखली जाते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पक्षीय लाभासाठी केलेली अशी कापाकापी तपासणे हे केंद्रीय न्यायालयांचे काम नव्हे, असे सांगून हात झटकले. परिणामी २०२५ मध्ये टेक्ससच्या रिपब्लिकनांनी जनगणनेची वाट न पाहता पाच जागांच्या आशेने नकाशा बदलला आणि कॅलिफोर्नियाच्या डेमोक्रॅटांनी जशास तसे म्हणून आपला नकाशा बदलला. मतदाराने प्रतिनिधी निवडायचा, ही झाली लोकशाही. येथे प्रतिनिधीच मतदार निवडून घेतो!

तिसरी यंत्रणा म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक, अर्थात ‘प्रायमरी’. मध्यावधी वर्षात तिला पात्र मतदारांपैकी जेमतेम पंचमांश लोक येतात आणि त्यात कडव्यांचा भरणा असतो. जागा एका पक्षाला बांधलेली असली की खरी निवडणूक तेथेच संपते. जानेवारी २०२१ मध्ये प्रतिनिधीगृहातील दहा रिपब्लिकनांनी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला पाठिंबा दिला. त्यांपैकी चौघांनी पुढची निवडणूक लढवलीच नाही, चौघे प्रायमरीत हरले आणि दोनच पुन्हा निवडून आले.

या दोघांची राज्ये पाहण्यासारखी आहेत. एक वॉशिंग्टन, दुसरे कॅलिफोर्निया. दोन्हीकडे प्राथमिक फेरीत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात आणि कोणीही मतदार कोणालाही मत देऊ शकतो. वॉशिंग्टनमधील तिसऱ्या प्रतिनिधीला ही पद्धतही वाचवू शकली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही वायोमिंगच्या लिझ चेनी आणि अलास्काच्या लिसा मुर्कोव्स्की यांची तुलना डोळे उघडणारी आहे. दोघी रिपब्लिकन, दोन्ही राज्ये रिपब्लिकन आणि दोघींनी ट्रम्प यांच्याविरुद्ध मत दिले. एकीने महाभियोग दाखल करण्यासाठी, दुसरीने सिनेटमध्ये दोषी ठरवण्यासाठी. २०२२ मध्ये चेनी पक्षाच्या प्रायमरीत दारुण पराभूत झाल्या. अलास्काने मात्र २०२० मध्येच खुली प्राथमिक फेरी आणि पसंतीक्रमाचे मतदान स्वीकारले होते. तेथे मुर्कोव्स्की पुन्हा निवडून आल्या. नियमाने साऱ्या मतदारांना तोंड दिले, म्हणून त्यांचा आवाज ऐकू आला.

पणाला काय लागले आहे?

कोणी म्हणेल, राजकारणात एवढे चालायचेच. पण लोकशाही उभी असते ती विजेत्याच्या जल्लोषावर नव्हे, तर पराभूताच्या मान्यतेवर. ६ जानेवारी २००१ रोजी अल गोर यांनी उपाध्यक्ष या नात्याने स्वतःच्याच पराभवाची मोजणी पार पाडली. चारच वर्षांनी ओहायोच्या मतांवर ३१ डेमोक्रॅट प्रतिनिधी आणि एका सिनेटरने आक्षेप घेतला. ती ठिणगी होती. २०२१ मध्ये आक्षेपकांची संख्या १४७ रिपब्लिकनांवर गेली आणि त्याच दिवशी जमावाने संसद भवनावर चाल केली. तो वणवा होता. जानेवारी २०२५ मध्ये कमला हॅरिस यांनी गोर यांच्याप्रमाणेच आपल्या पराभवावर स्वतः शिक्कामोर्तब केले. पण दोनच आठवड्यांनी २०२१ च्या सुमारे दीड हजार आरोपींना क्षमा अथवा शिक्षामाफी मिळाली. संकेत अद्याप मेलेला नाही, परंतु त्याचा भंग आता गुन्हा राहिलेला नाही.

ज्या मध्यमवर्गीय घरांतील मुले-नातवंडे आज त्या देशात वाढत आहेत, त्यांना हा केवळ परदेशातील तमाशा वाटू नये. यादवीच्या आरोळ्या ठोकणारे भय विकतात. ‘सारे अतिरंजित’ म्हणणारे झोपेची गोळी विकतात. अमेरिकन मतदार एकाच दिवशी, एकाच केंद्रात शेजाऱ्याशी सहमत होऊ शकतो, हे त्या समाजाचे अजून न संपलेले भांडवल आहे. परंतु त्याच शेजाऱ्याच्या घरी मुलगी द्यायला त्याचे मन धजावत नाही, हे त्यावरचे वाढते कर्ज आहे. ज्याला ‘फूट कोठे आहे?’ असे विचारून हसायचे असेल, त्याने मतांचे आकडे खुशाल पाहावेत. सोयरिकीचे आकडे पाहिल्यावर ते हसू टिकणार नाही.