हात मोकळे, पण डोके?



सकाळी साडेआठच्या सुमारास ८८० किंवा १०१ वर मराठी माणसाची गाडी ओळखायची एक सोपी खूण आहे. गाडीत माणूस एकटाच असतो आणि मोठमोठ्याने बोलत असतो. "हो आई, नाश्ता झाला... नाही गं, थंडी एवढी नाहीये... बाबांचं बीपी किती आलं?" त्या वेळी भारतात रात्रीचे नऊ वाजलेले असतात (हिवाळ्यात घड्याळे मागे गेली की दहा). जेवणे आटोपलेली, मालिका संपलेली, झोपायला थोडा वेळ. ऑफिसला पोचल्यावर मीटिंगा सुरू होणार आणि आपण संध्याकाळी घरी येईपर्यंत तिकडे दुसऱ्या दिवशीची पहाट. मग घरी फोन करायचा कधी? तर गाडीत!

ज्यांचा फोन आईला नसतो त्यांचा पुण्याच्या टीमला असतो. ऑनसाइट-ऑफशोरच्या गणितात दोन्हीकडचे लोक जागे असण्याची वेळ नेमकी आपल्या कम्यूटच्या वेळेला येते. त्यामुळे गाडी चालवताना सेल फोन हा विषय सगळ्या कॅलिफोर्नियाचा असला तरी आपल्या लोकांचा जरा जास्तच आहे.

यावर एक उत्तर हमखास मिळते. "अहो, मी ब्लूटूथवर बोलतो. फोन हातात घेतच नाही. कायदेशीर आहे." कायदेशीर आहे हे खरेच. पण कायदेशीर म्हणजे सुरक्षित का? आधी कायदा बघू, कारण त्याबद्दलही बरेच गैरसमज आहेत.

कायदा नेमका काय आहे?

अमेरिकेत हातात फोन धरून बोलण्यावर राज्यभर बंदी घालणारे पहिले राज्य न्यूयॉर्क. ते साल २००१. कॅलिफोर्नियात सिनेटर जो सिमिटियन यांनी या विषयाचा बरीच वर्षे पाठपुरावा केला. त्यांच्या विधेयकावर २००६ मध्ये गव्हर्नर श्वार्झनेगर यांची सही झाली आणि १ जुलै २००८ पासून फोन कानाला लावून गाडी चालवणे बेकायदेशीर झाले. १ जानेवारी २००९ पासून टेक्स्टिंगवरही बंदी आली.

हे दोन्ही कायदे झाले तेव्हा फोन म्हणजे बोलायचे आणि मेसेज पाठवायचे यंत्र होते. मग स्मार्टफोन घरोघरी आले आणि कायद्यातल्या फटी दिसू लागल्या. फ्रेझ्नोत एका माणसाने २०१२ साली ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर दुसरा रस्ता शोधायला फोनवर नकाशा उघडला आणि त्याला तिकीट मिळाले. तो भांडत अपील कोर्टात गेला आणि २०१४ मध्ये जिंकला! कोर्टाने म्हटले की कायद्यात बंदी बोलण्या-ऐकण्यावर आहे, नकाशा बघण्यावर नाही.

ही फट २०१६ च्या दुरुस्तीने बुजवली. १ जानेवारी २०१७ पासून नियम असा की फोन हातात धरून वापरायचाच नाही, मग काम कोणतेही असो. फोन काचेवर ठरवून दिलेल्या जागी, डॅशबोर्डवर किंवा मधल्या कन्सोलवर बसवलेला हवा, आणि त्यावर एका वेळी फक्त एक टॅप किंवा एक स्वाइप. तरीही वाद संपला नाही. "मी फोन हातात धरला होता, पण फक्त नकाशा बघत होतो, वापरत नव्हतो" असा बचाव सॅन होजेतल्या एका खटल्यात झाला. जून २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला. हातात फोन धरून नकाशा बघणे म्हणजे फोन वापरणेच, असा तो निकाल आहे.

आणखी एक लोकप्रिय समजूत: "सिग्नल लाल होता, गाडी उभी होती, मग काय हरकत?" हरकत आहे. रिचमंडमधल्या एका खटल्यात २०११ सालीच कोर्टाने सांगितले की सिग्नलला थांबलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने गाडी चालवतच असतो. (सिग्नल हिरवा झाल्यावर पुढची गाडी का हलत नाही याचे उत्तर बहुतेक वेळा त्या ड्रायव्हरच्या मांडीवर असते, हे आपण सगळेच जाणतो.)

दंड कागदावर किरकोळ दिसतो. पहिल्या वेळी २० डॉलर, पुढच्या वेळी ५०. पण कोर्टाच्या आणि इतर फिया त्यावर चढल्या की पहिले तिकीट दीडशेच्या पुढे आणि दुसरे अडीचशेच्या पुढे जाते. १ जुलै २०२१ पासून ३६ महिन्यांत दुसऱ्यांदा पकडले गेलात तर लायसन्सवर एक पॉइंटही लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलांना तर हॅन्ड्सफ्रीसुद्धा चालत नाही. इमर्जन्सी कॉलचा अपवाद सोडला तर गाडी चालवताना त्यांनी फोन वापरायचाच नाही. घरात नवा लायसन्सधारी असेल तर हे त्याला जरूर सांगा.

लाँग वीकएंडला राज्याबाहेर पडलात तरी सुटका नाही. नेवाडा, ओरेगन, वॉशिंग्टन आणि अॅरिझोना या चारही राज्यांत हातात फोन धरण्यावर बंदी आहे.

एका सेकंदाची किंमत

आपण इंजिनियर मंडळी, तेव्हा थोडा हिशोब करू. ताशी ६५ मैल वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ९५ फूट जाते. क्रिकेटची खेळपट्टी ६६ फुटांची. म्हणजे एका सेकंदात जवळजवळ दीड खेळपट्टी! पाच सेकंद फोनकडे बघितले तर सात खेळपट्ट्या आपण डोळे मिटून गाडी चालवली असा त्याचा अर्थ. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी खऱ्या ट्रकमध्ये कॅमेरे बसवून केलेला अभ्यास २००९ साली गाजला. त्यात टेक्स्टिंग करणाऱ्या ट्रकचालकांचा अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका २३ पट आढळला.

आपल्याच राज्यातले उदाहरण याहून भयानक आहे. १२ सप्टेंबर २००८ ला लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थ इथे मेट्रोलिंकची प्रवासी गाडी मालगाडीवर समोरासमोर आदळली आणि २५ माणसे गेली. चौकशीत निघाले की इंजिनचालक ड्यूटीवर असताना टेक्स्ट मेसेज करत होता आणि त्याने लाल सिग्नल ओलांडला. तो नवशिका नव्हता. रुळांवरच्या गाडीला स्टीअरिंगसुद्धा नसते, फक्त सिग्नल बघायचे असतात. तिथे ही गत, तर पाच लेनच्या फ्रीवेवर काय होईल?

देशभराचा सरकारी आकडा बघा. २०२३ साली ड्रायव्हरचे लक्ष विचलित झाल्यामुळे झालेल्या अपघातांत ३,२७५ माणसे मेली. यात फोनशिवाय खाणे-पिणे, रेडिओ, मागच्या सीटवरची भांडणे असे सगळेच येते. पण अपघातानंतर "हो, मी फोनवर होतो" असे आपणहून सांगणारे कमी, त्यामुळे फोनचा खरा वाटा नोंदीत पूर्ण उतरत नाही.

हॅन्ड्सफ्रीचे कोडे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. टेक्स्टिंग वाईट यावर कोणाचेच दुमत नाही. पण नुसते बोलण्याचे काय?

१९९७ साली "न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन"मध्ये टोरांटोतल्या ड्रायव्हरांचा एक अभ्यास आला. फोनच्या बिलांच्या नोंदी अपघाताच्या वेळांशी ताडून बघितल्या, तेव्हा फोनवर असताना धोका सुमारे चौपट निघाला आणि हॅन्ड्सफ्री वापरणाऱ्यांना काही फायदा दिसला नाही. २००५ साली ऑस्ट्रेलियात पर्थ इथे अशाच अभ्यासाचा निष्कर्ष तोच: चौपट, फोन हातात असो वा नसो. युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी सिम्युलेटरवर फोनवर बोलणाऱ्यांची तुलना थेट दारू प्यायलेल्या ड्रायव्हरांशी केली. २००६ च्या त्यांच्या निबंधात फोनवाल्यांची अवस्था ०.०८ टक्के अल्कोहोलवाल्यांपेक्षा बरी ठरली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. खऱ्या गाड्यांत कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासांत धोका मुख्यतः फोन हाताळण्यात आणि त्याच्याकडे बघण्यात दिसला, नुसत्या बोलण्यात तितका नाही. शिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारख्या राज्यांत हातातल्या फोनवर बंदी आल्यावर विम्याच्या क्लेम्समध्ये घट झाली नाही, असे विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थेने २०१० साली दाखवून दिले. म्हणजे नुसत्या बोलण्याने धोका नेमका किती पट वाढतो, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही.

पण यंत्रणा समजायला कठीण नाही. माणसाचा मेंदू हा एका कोअरचा प्रोसेसर समजा. दोन कामे दिली की तो दोन्ही एकदम करत नाही, इकडून तिकडे उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला वेळ लागतो. रिकाम्या रस्त्यावर हे लपून जाते. शेजारचा ट्रक अचानक लेन बदलतो तेव्हा लपत नाही. डोळे रस्त्यावर असतात, पण दिसलेले डोक्यापर्यंत पोचत नाही. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावल्यावर "आपण इथपर्यंत आलो कसे?" असा प्रश्न पडणे हा त्याचाच नमुना.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे चालते ते कसे? स्ट्रेयर यांच्याच गटाने २००८ साली हे तपासले. शेजाऱ्याशी गप्पा मारणाऱ्या बहुतेकांनी ठरलेली एक्झिट बरोबर घेतली. फोनवर बोलणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांची ती चुकली! कारण साधे आहे. शेजारी बसलेल्यालाही रस्ता दिसतो. समोर ब्रेकचे लाल दिवे दिसले की तो आपोआप गप्प होतो, "अरे, ही आपली एक्झिट" असेही म्हणतो. आणि डोंबिवलीतल्या आईला काय दिसते? काहीच नाही. आपण मर्जिंगसाठी दोन क्षण गप्प झालो की ती लगेच विचारते, "ऐकतोयस ना?" आणि आपण ट्रकवरचे लक्ष काढून म्हणतो, "हो, ऐकतोय ना!"

सगळे बोलणे सारखे नसते, हेही इथे लक्षात येईल. "निघालोय, वीस मिनिटांत पोचतो" हे एक. "बाबांची अँजिओग्राफी करायची म्हणतायत, तू काय म्हणतोस?" हे दुसरे. प्रॉडक्शन बंद पडलेले असताना क्लायंटला काय सांगायचे, हे तिसरे. हात तिन्ही वेळा मोकळेच असतात. डोके फक्त पहिल्या वेळी.

कंपनी आणि कॉल

ऑफिसच्या कॉलबाबत एक गोष्ट मॅनेजर मंडळींनी वाचावी. २०१२ साली टेक्सासमध्ये कॉर्पस ख्रिस्टी इथल्या ज्यूरीने एका मोठ्या शीतपेय कंपनीविरुद्ध २ कोटी १० लाख डॉलरहून अधिक भरपाई ठरवली. कंपनीची ड्रायव्हर कामाच्या वेळी फोनवर बोलत असताना अपघात झाला होता. ती हॅन्ड्सफ्रीच वापरत होती, म्हणजे कायदा आणि कंपनीचा नियम दोन्ही पाळत होती! फिर्यादीचा मुद्दा हा होता की हॅन्ड्सफ्रीतही धोका आहे हे कंपनीला माहीत असायला हवे होते. अपघात तपासणाऱ्या केंद्रीय मंडळाने, एनटीएसबीने, डिसेंबर २०११ मध्येच हॅन्ड्सफ्रीसकट बंदीची शिफारस केली होती. पण सर्व ड्रायव्हरांना अशी बंदी आजवर एकाही राज्याने घातलेली नाही. मतदार गाडीतूनच फोनवर बोलत असतील तर आमदार तरी काय करणार!

तारेच्या दुसऱ्या टोकाला

हा धोका एकतर्फी नाही. आपण रविवारी संध्याकाळी निवांत सोफ्यावर बसून पुण्याला फोन लावतो, तेव्हा तिकडे सोमवारची सकाळ असते आणि भाऊ हेल्मेट व कानाच्या मध्ये फोन खुपसून, मान वाकडी करून कर्वे रोडवरून स्कूटर चालवत असतो. भारतातही मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून वापरणे धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये धरले आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद अशी तरतूद आहे. पण कायद्याची वाट कशाला बघायची? "गाडीवर आहेस का? मग ठेव, नंतर बोलू" हे वाक्य आपण म्हणू शकतो.

काय करता येईल?

१. घरच्या फोनची वेळ बदलून बघा. घरातून निघण्याआधी दहा मिनिटे किंवा ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून दहा मिनिटे. व्हिडिओ कॉलवर आईला तोंडही दिसेल, जे तिला खरे हवे असते.

२. कम्यूटच्या वेळेतल्या मीटिंगला सरळ नाही म्हणा. ते जमत नसेल तर फक्त ऐकण्याची मीटिंग ठेवा, निर्णयाची नको.

३. फोनमधली ड्रायव्हिंगची सोय चालू करा. आयफोनमध्ये ती २०१७ पासून आहे, अँड्रॉइडमध्येही आहे. मेसेज करणाऱ्याला आपोआप उत्तर जाते.

४. पत्ता गाडी सुरू करण्याआधी घाला. बदलायचा असेल तर शेजारच्याला सांगा किंवा एक्झिट घेऊन थांबा.

५. कोणी गाडीतून बोलतोय असे कळले तर आपणच फोन आवरता घ्या. हे सगळ्यात सोपे आहे आणि यात कोणाला तिकीटही मिळत नाही.

पहिला उपाय सगळ्यात अवघड जाणार, कारण आईशी बोलायला रोज मिळणारा तेवढाच वेळ असतो. तो सोडा असे म्हणायला जीभ रेटत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. वेळ तेवढाच द्या, फक्त गाडी थांबवून द्या. आईला विचाराल तर ती काय सांगेल ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे: "आधी गाडी नीट चालव, पोचलास की फोन कर."